दुकानात कधीच न आलेले खेळ

निन्टेंडोच्या जुन्या यंत्रासाठी एखादा व्हिडिओ गेम तयार होत असताना त्याची चाचणीची प्रत ईप्रॉम नावाच्या चिपवर भरली जाई. या चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. तिच्यातून अतिनील प्रकाश आत सोडला की चिपवरची सगळी माहिती पुसली जाते आणि चिप नव्याने भरता येते. रोज बदलणाऱ्या कामासाठी ही मोठी सोय होती. जुनी आवृत्ती पुसायची, नवी भरायची, उजेड आत जाऊ नये म्हणून खिडकीवर कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर पेनाने खेळाचं नाव व तारीख लिहायची. दुकानात जाणाऱ्या कॅसेटमधली चिप वेगळी असे. तिच्यात खेळ कारखान्यातच कायमचा कोरलेला असे. त्यामुळे जो खेळ विकला गेला त्याच्या हजारो, कधी लाखो टिकाऊ प्रती जगभर राहिल्या. जो रद्द झाला त्याची उरलीच तर एखाद-दुसरी प्रत उरली, आणि तीही पुसण्यासाठीच बनवलेल्या चिपवर.

अशा प्रती शोधणारी माणसं गेली अडीच-तीन दशकं अमेरिका, जपान आणि युरोपात काम करत आहेत. त्यात संग्राहक आहेत, प्रोग्रामर आहेत, अलीकडे रीतसर संस्थाही आहेत. जुन्या सामानाच्या लिलावांवर ते नजर ठेवतात, बंद पडलेल्या कंपन्यांच्या माजी कर्मचाऱ्यांना गाठतात, मासिकांच्या जुन्या अंकांतल्या जाहिराती चाळून कोणता खेळ जाहीर झाला आणि कोणता आलाच नाही याचा माग काढतात. या कामाला छंद म्हणून बाजूला सारणं चूक आहे. या प्रती एका मोठ्या कलाप्रकाराच्या इतिहासाचं मूळ साधन आहेत आणि त्या हातातून निसटत चालल्या आहेत.

ज्या यंत्राभोवती हा शोध सर्वांत जास्त झाला ते जपानमध्ये १९८३ साली ‘फॅमिकॉम’ म्हणून आलं आणि १९८५ पासून अमेरिकेत ‘एनईएस’ या नावाने विकलं गेलं. जगभरात त्याची सहा कोटींहून अधिक यंत्रं खपली. मराठी घरांनाही ते परकं नाही. नव्वदच्या दशकात समुराई, मीडिया, लिटिल मास्टर अशा नावांनी आपल्याकडे मिळणारी यंत्रं याच फॅमिकॉमच्या घडणीची होती. सुट्टीत कॅसेट काढून, फुंकर मारून पुन्हा बसवणारी आणि कॉन्ट्रा किंवा मारिओ खेळणारी पिढी आज चाळिशीत आहे.

याच यंत्रासाठी ‘सिमसिटी’ येणार होता. शहर वसवण्याचा हा खेळ विल राइट यांनी संगणकासाठी तयार केला आणि तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. निन्टेंडोने तो आपल्या यंत्रांवर आणायचं ठरवलं. जुन्या एनईएससाठी आणि नव्याने येणाऱ्या सुपर निन्टेंडोसाठी अशा दोन आवृत्त्यांवर काम सुरू झालं. जानेवारी १९९१ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात एनईएसची आवृत्ती लोकांना दाखवलीही गेली. नंतर सुपर निन्टेंडोचा सिमसिटी बाजारात आला आणि नावाजला गेला. एनईएसचा मात्र कुठेच दिसला नाही. पुढची पंचवीसहून अधिक वर्षं तो खेळ म्हणजे मासिकांतले काही फोटो, एवढंच होतं.

२०१७ साली त्याच्या दोन कॅसेट अचानक समोर आल्या. त्याच वर्षी फ्रँक सिफाल्डी यांनी कॅलिफोर्नियात ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ ही संस्था सुरू केली होती. एका संग्राहकाने कॅसेट प्रत करण्यासाठी दिली आणि डिसेंबर २०१८ मध्ये संस्थेने तो खेळ विस्तृत अभ्यासासह सर्वांसाठी खुला केला. तो अर्धवट होता. त्यात चुका होत्या, शहराच्या वाढीचे हिशेब नीट बसलेले नव्हते. पण सुपर निन्टेंडोच्या खेळात नसलेलं संगीत त्यात होतं. मोठ्या संगणकासाठी रचलेला गुंतागुंतीचा खेळ एवढ्याशा स्मृतीच्या यंत्रात बसवताना रचनाकारांनी काय कापलं, काय वाचवलं, हेही त्यात उघड दिसत होतं. छापील पुस्तकात लेखकाची खोडाखोड दिसत नाही. ती हस्तलिखितातच दिसते. अपुऱ्या खेळाचं मोल नेमकं हेच आहे. विकल्या गेलेल्या खेळातून निर्णय कळतात, न विकल्या गेलेल्या खेळातून ते निर्णय घेताना झालेली ओढाताण कळते.

खेळ रद्द होण्यामागे त्याचा दर्जाच कारण असतो, ही समजूत तर पहिल्याच काही उदाहरणांत कोलमडते. ‘स्टार फॉक्स २’ हा सुपर निन्टेंडोचा खेळ १९९५ च्या सुमारास पूर्ण झाला होता. पण तोवर सोनीचं प्लेस्टेशन आणि सेगाचं सॅटर्न आलं होतं, निन्टेंडोचंही नवं यंत्र तोंडावर होतं आणि त्यांच्यापुढे या खेळाची त्रिमितीय चित्रं जुनाट वाटतील अशी धास्ती कंपनीला होती. तयार खेळ कपाटात गेला. त्यातल्या काही कल्पना १९९७ च्या ‘स्टार फॉक्स ६४’ मध्ये वापरल्या गेल्या. अर्धवट टप्प्यावरच्या प्रती बाहेर फुटल्या आणि चाहत्यांनी त्या जिवंत ठेवल्या. निन्टेंडोने स्वतः तो खेळ प्रसिद्ध केला सप्टेंबर २०१७ मध्ये. सेगाच्या ड्रीमकास्टसाठीचा ‘प्रोपेलर अरीना’ हा विमानांच्या हवाई लढाईचा खेळ सप्टेंबर २००१ मध्ये विक्रीला येणार होता. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये जे घडलं त्यानंतर तो मागे घेतला गेला. त्या निर्णयाला कोणी दोष देणार नाही. पण तो खेळ पुढे बाहेर आला नसता, तर त्यावर राबलेल्या माणसांच्या कामाचा मागमूस राहिला नसता.

सापडलेली वस्तू खरी कशावरून, हा प्रश्न या क्षेत्रात कायम उभा असतो. शिगेसातो इतोई या जपानी जाहिरात-लेखकाने रचलेला ‘मदर’ १९८९ साली फॅमिकॉमवर आला. निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या शाखेने १९९० मध्ये त्याचं इंग्रजी रूप तयारही केलं, पण ते कधी विकलं नाही. पुढे त्याची चाचणीची कॅसेट एका संग्राहकाकडे निघाली. १९९८ साली चाहत्यांनी वर्गणी काढून तिची प्रत करून घेतली आणि लगेच शंका सुरू झाली: कोणीतरी जपानी खेळात इंग्रजी मजकूर घुसवून ही नक्कल केली नसेल कशावरून? त्या कॅसेटमध्ये जपानी मूळ खेळात नसलेल्या गोष्टी होत्या. पात्राला पळवण्यासाठी बटण होतं, शेवट जास्त लांबीचा होता. उत्तर मिळालं २००३ मध्ये. निन्टेंडोने जपानमध्ये गेम बॉय ॲडव्हान्ससाठी ‘मदर १+२’ काढला, तेव्हा नेमके हेच बदल त्यात होते. कंपनीच्या बाहेरच्या कोणालाही ते आधी सुचणं शक्य नव्हतं. जून २०१५ मध्ये निन्टेंडोने तो इंग्रजी खेळ ‘अर्थबाउंड बिगिनिंग्ज’ या नावाने रीतसर प्रसिद्ध केला. तोवर चाहते तो सतरा वर्षं खेळत होते.

प्रत करणं म्हणजे चिपवरचा प्रत्येक बिट वाचून संगणकात उतरवणं. ऐकायला सोपं, करायला नाजूक. ईप्रॉममध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात अडकवलेली असते आणि तो भार वर्षानुवर्षं हळूहळू गळतो. एखादा बिट आज एक वाचला जातो, उद्या शून्य. म्हणून चिप पुन्हा पुन्हा वाचतात, दर वाचनातून एक गणिती आकडा काढतात आणि आकडे जुळले तरच प्रत विश्वासाची मानतात. नंतरच्या यंत्रांच्या खेळांच्या चाचणीच्या प्रती अनेकदा घरगुती सीडी-आर तबकड्यांवर असत. त्यांच्यावरचा रंगीत थरही काळानुसार खराब होतो. प्रत करायला आणखी दहा वर्षांनी बघू, असं म्हणण्याची मुभा ही वस्तू देत नाही.

इथेच संग्राहक आणि जतन करणारे यांच्यातलं भांडण पेटतं. जगात एकच असलेल्या कॅसेटसाठी संग्राहकाने मोठी रक्कम मोजलेली असते. आतला खेळ सर्वांना मिळाला तर आपल्या कॅसेटची किंमत उतरेल, असं त्याला वाटतं. ही भीती समजून घेण्यासारखी आहे, कारण या लोकांनी पैसे टाकले नसते तर कित्येक कॅसेट कचऱ्यात गेल्या असत्या. तरीही त्यांचा युक्तिवाद टिकत नाही. सिमसिटीची प्रत झाली तरी कॅसेट मालकाचीच राहिली, आणि तिच्यात नेमकं काय आहे हे जगाला प्रथमच कळलं. उलट प्रत न करता तिजोरीत ठेवलेली चिप एक दिवस मुकी होते आणि मालकाकडे नुसतं प्लॅस्टिक उरतं. वस्तूवर मालकी सांगता येते. तिच्यातल्या एकमेव मजकुराला मरू देण्याचा हक्क त्या मालकीतून मिळत नाही.

समंजस व्यवहार होऊ शकतो, याचं ठळक उदाहरण ‘डायनोसॉर प्लॅनेट’ आहे. इंग्लंडच्या रेअर कंपनीचा हा निन्टेंडो ६४ साठीचा खेळ. त्याचा नायक सेबर हा कोल्ह्यासारखा दिसत होता. निन्टेंडोचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांना त्यात स्टार फॉक्सचा नायक दिसला आणि अखेर तो खेळ २००२ मध्ये गेमक्यूबवर ‘स्टार फॉक्स ॲडव्हेंचर्स’ म्हणून आला. मूळ कथा बाजूला पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘फॉरेस्ट ऑफ इल्युजन’ या जतन करणाऱ्या गटाने स्वीडनमधल्या एका खासगी संग्राहकाकडून मूळ खेळाची तबकडी विकत घेतली आणि तिच्यातली १ डिसेंबर २००० ची आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. संग्राहकाला पैसे मिळाले, इतिहासाला खेळ मिळाला.

कधी कॅसेट नसतेच, फक्त कच्चा माल असतो. ‘अँटईटर’ या खेळाचे कर्ते क्रिस ओबर्थ २०१२ साली वारले. टॉम क्रूझच्या ‘डेज ऑफ थंडर’ या चित्रपटावरून त्यांनी एनईएससाठी केलेला खेळ कधी बाजारात आला नाही. दुसऱ्याच चमूचा आला. त्यांच्या मागे राहिलेल्या फ्लॉपींमध्ये त्या खेळाचा मूळ कोड सापडला. रिच व्हाइटहाउस या प्रोग्रामरने तुकडे जुळवून त्यातून खेळ पुन्हा उभा केला आणि २०२० मध्ये ओबर्थ कुटुंबाच्या संमतीने कोड प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या ऑलिव्हर बंधूंचा ‘वंडरलँड डिझी’ तर स्वतः फिलिप ऑलिव्हर यांच्याच माळ्यावर पडून होता. २०१५ साली तो खाली आला.

कायदा मात्र या कामाच्या बाजूने उभा नाही. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत विक्रीला आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. विकल्या गेलेल्या खेळांची ही गत, तर न विकल्या गेलेल्यांची काय असेल? ग्रंथालयांना जुने खेळ अभ्यासकांसाठी दुरून उघडून देता यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. हा निर्णय चुकीचा आहे. ज्या खेळातून कंपनी एक पैसाही कमावत नाही, तो अभ्यासाला मिळाल्याने तिचं काय बुडतं?

आपल्याकडेही खेळ तयार झाले आहेत. दोन हजारच्या दशकात मुंबईच्या इंडियागेम्ससारख्या कंपन्यांनी मोबाइल फोनसाठी खेळ काढले. पुढे ही कंपनी डिस्नीने विकत घेतली. त्या काळात अशा कंपन्यांत काम केलेले चित्रकार, प्रोग्रामर, संगीतकार हा अंक वाचत असतील. तुमच्या कपाटात सीडी असेल, जुनी हार्ड डिस्क असेल, रद्द झालेल्या खेळाची एखादी फाइल असेल. या दिवाळीत ती फेकू नका. तिची प्रत करा, तिच्यावर नाव आणि वर्ष लिहा, आणि जतन करणाऱ्या एखाद्या संस्थेला ती तुमच्याकडे आहे, एवढं तरी कळवा.