अपूर्णभूत आणि अनुवादकाचा निवाडा

फ्रेंचमधील 'इंपार्फे' हा अपूर्णभूत सवयही सांगतो आणि चालू क्रियाही. मराठीत मात्र ही रूपे भिन्न आहेत. 'इल बातॅ सों फिस' याचे 'तो मुलाला मारी' असे भाषांतर केल्यास रीतिभूतामुळे मारणे हा स्वभाव ठरतो. 'मारीत होता' म्हटल्यास तो एक प्रसंग ठरतो. 1857 साली फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'वर खटला झाला, तेव्हा कथनात नायिकेचा निषेध करणारे कोणी नाही, हाही सरकारी वकिलाचा आक्षेप होता. लेखकाने राखून ठेवलेला असा निवाडा मराठी व्याकरण अनुवादकाकडून वदवून घेते. संदर्भ बहुधा वाट दाखवितो. परंतु संहिताच संदिग्ध असेल, तेथे रूपनिवड ही नैतिक कृती होते. सौम्य रूप निवडणे म्हणजे तटस्थता नव्हे; त्यात मार खाणाऱ्या मुलाची साक्ष दुबळी होते.