सहीची मुदत

दर वर्षी महापालिकेचे वेराबिल घरी येते. लिंबायतच्या आमच्या गल्लीत ते बहुधा ओट्यावर बसूनच वाचले जाते. बिल गुजरातीत असते आणि वाचणारे बरेचसे खानदेशातून आलेल्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतले. गुजराती आता आपल्या सर्वांनाच येते. तरीही बिलातील रकाने समजून घेण्यासाठी शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ माझ्याकडे येतात. तरुणपणी जळगाव जिल्ह्यातून येऊन त्यांनी चाळीस वर्षे मागावर काढली. मागच्या खेपेस त्यांनी बिलाची घडी घालता घालता विचारले, "भाऊसाहेब, पैसे तर आपण भरतोच. पण हा हिशेब ठेवणारा माणूस शिकलेला असतो ना?"

"असतो की," मी म्हणालो. ते समाधानाने गेले. मी मात्र बराच वेळ तेथेच बसून राहिलो. माझे उत्तर खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते. हिशेब ठेवणारा शिकलेला असतो. परंतु केव्हा शिकलेला? पंचविशीत उत्तीर्ण केलेल्या परीक्षेच्या बळावर पंचावन्नाव्या वर्षी लोकांच्या पैशावर सही करण्याचा नैतिक अधिकार माणसाला राहतो काय? प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या व्यवसायाचे स्वरूप पाहू. सुरतेत नगरपालिका आली 1852 मध्ये आणि तिची महानगरपालिका झाली 1966 मध्ये. दीर्घकाळ पालिकेचा हिशेब म्हणजे रोजकीर्द, खतावणी आणि वर्षअखेरची रोख शिल्लक. आले किती, गेले किती, उरले किती, एवढे समजले की लेखापाल जाणता ठरत असे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हे चित्र पालटले. 1993 मध्ये 74वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि नागरी संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. 1998 मध्ये अहमदाबाद महापालिकेने राज्य शासनाच्या हमीवाचून 100 कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. पालिका थेट भांडवल बाजारात उभी राहिली. 2004 मध्ये राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका आली. 2005 अखेर सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाने दुहेरी नोंद पद्धतीचा आग्रह धरला. 2007 मध्ये गुजरातेतील महानगरपालिकांची जकात गेली, 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि 2019 मध्ये सुरत महापालिकेनेही कर्जरोख्यांची वाट धरली. पंधराव्या वित्त आयोगाने तर लेखापरीक्षित हिशेब लोकांसाठी खुले करणे ही अनुदानाची पूर्वअटच केली. म्हणजे हिशेब वेळेवर व नीट न झाल्यास गावाच्या पाण्या-गटारीचा पैसा अडू शकतो. 1985 मध्ये सेवेत आलेल्या माणसाने आपल्या परीक्षेसाठी यांतले काय वाचले असणार? काहीच नाही, कारण यांतले काही अस्तित्वातच नव्हते.

इतर काही व्यवसायांनी ही अडचण ओळखून तिच्यावर तोडगा काढला आहे. साठीच्या आतील व्यवसायी सनदी लेखापालाला तीन वर्षांत 120 तासांचे शिक्षण पुरे करावे लागते. महाराष्ट्रात वैद्यकीय नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत 30 श्रेयांक मिळवावे लागतात. आपल्यापैकी काही घरांतली मुले अमेरिकेत न्यू जर्सीत स्थायिक आहेत. त्या राज्यात नगरपालिकेच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याजवळ राज्याचे प्रमाणपत्र असावे लागते. ते मुदतीचे असते आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरणासाठी ठरावीक तासांचे शिक्षण घ्यावे लागते. त्या विषयांत हिशेब व कर्जव्यवहार यांच्या जोडीने नीतीचाही समावेश असतो. आपल्याकडे खातेपरीक्षा असतात, प्रशिक्षणवर्ग असतात, 2020 पासून केंद्राचे मिशन कर्मयोगीही आहे. पण पालिकेच्या लेखाधिकाऱ्याच्या सहीला मुदत नाही. ती संपते ती निवृत्तीच्या दिवशीच.

येथवरचे विवेचन मी त्रयस्थपणे केले. पुढचे तसे करता येणार नाही.

मी राज्य शासनाच्या लेखापरीक्षण सेवेत होतो. लहानमोठ्या नगरपालिकांची दप्तरे तपासणे हे माझे काम. 2006 च्या सुमारास दुहेरी नोंद पद्धतीचा दोन दिवसांचा वर्ग भरला. तेव्हा माझी सेवा वीस वर्षांवर झाली होती. जमा आणि नावे यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला कालची पोरे काय शिकवणार, असा माझा भाव होता. दोन्ही दिवशी सकाळी हजेरीपटावर सही केली, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण होताच गाडी पकडून घरी आलो. प्रमाणपत्र यथावकाश टपालाने आले.

पुढील वर्षी एका छोट्या नगरपालिकेचे दप्तर माझ्यापुढे आले. वर्षअखेरची शिल्लक चांगली होती. त्या शिल्लकेत ठेकेदारांच्या अनामत रकमा होत्या आणि सफाई कामगारांच्या पगारातून कापलेली, पण त्यांच्या खात्यांवर न भरलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कमही होती. म्हणजे तिजोरीतला बराचसा पैसा पालिकेचा नव्हताच. तो दुसऱ्यांचा होता आणि तिच्याकडे केवळ राहावयास आला होता. मी शेरा लिहिला, "शिल्लक समाधानकारक", आणि खाली सही केली.

दोन वर्षांनी वेगळ्या कामासाठी त्याच कार्यालयात गेलो असता व्हरांड्यात एक निवृत्त सफाई कामगार बाई उभी दिसली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले कागद. ती तीन महिने खेटे घालत होती. पगारपत्रकात कपात दिसत होती, खात्यावर रक्कम नव्हती आणि तिजोरीतही आता काही उरले नव्हते. तिने मला कोणी मोठा साहेब समजून कागद पुढे केले. मी ते वाचले, दोन शब्द बोललो आणि आत गेलो. पुढे तिला पैसे मिळाले, पण पुष्कळ उशिराने आणि हप्त्याहप्त्याने.

जुन्या पद्धतीतही दक्ष परीक्षकाला ही गोष्ट सापडली असती, हे मी मान्य करतो. म्हणूनच दोष पद्धतीवर ढकलत नाही. पण त्या दिवशी घरी येऊन मी कपाटातले वर्गाचे टिपण काढले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्राचा विषय होता, 'दायित्वे'. दुसऱ्यांचे देणे आपली शिल्लक म्हणून दाखवू नये, ते ताळेबंदात देणे म्हणूनच वेगळे उभे राहिले पाहिजे, हे त्या सत्राचे सार होते. ज्या तीन तासांत ते शिकवले गेले, त्या तीन तासांत मी गाडीच्या खिडकीशी बसून डुलकी घेत होतो.

यावरून सक्तीचे शिक्षण निरुपयोगी ठरते, असे कोणी म्हणेल. सक्ती होती, हजेरी होती, प्रमाणपत्र होते; ज्ञान तेवढे नव्हते! आक्षेप खरा आहे. तास मोजता येतात, समज मोजता येत नाही. आणि जे मोजता येते तेच शासन मागते. शिवाय आपल्याकडील प्रशिक्षणाची तऱ्हा आपण जाणतोच. कचेरीत ज्याच्यावाचून अडत नाही त्याला वर्गाला धाडतात, शिकून आलेल्याची तिसऱ्याच खात्यात बदली करतात आणि निवृत्तीस सहा महिने उरलेल्याला नव्या प्रणालीचे धडे देतात. संगणक परीक्षेच्या वेळी वयाची मर्यादा ओलांडलेल्यांना सूट मिळे. ती माणुसकीची होती, यात शंका नाही. पण कचेरीत सर्वांत वजनदार सही बहुधा सर्वांत वयस्क माणसाचीच असते, याचा विचार सूट देताना झाला होता काय?

दुसरा आक्षेप अनुभवाचा. अनुभव हाच गुरू, मग वर्ग कशाला, असे आम्ही जुने अधिकारी अभिमानाने म्हणत असू. याला अमेरिकेतील एका प्रसंगाने उत्तर मिळते. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीचा कोषाधिकारी दोन दशकांहून अधिक काळ त्या पदावर होता आणि त्याच्या हातून येणाऱ्या व्याजावर सारे खूष होते. कर्ज काढून केलेली त्याची गुंतवणूक व्याजदर चढणार नाहीत या भरवशावर उभी होती. 1994 मध्ये दर चढले, सुमारे 1.6 अब्ज डॉलर बुडाले आणि त्या डिसेंबरात काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. त्या निधीत शाळांचे आणि लहान शहरांचेही पैसे होते. तेथे अनुभव कमी नव्हता. किंबहुना अनुभव एवढा होता की कोणी प्रश्नच विचारीनासे झाले. अनुभव कालच्या चुका टाळावयास शिकवतो. उद्याची चूक अद्याप घडलेलीच नसल्याने तिच्याविषयी तो मुका असतो.

मग सक्ती हवी की नको? माझ्या मते येथे आपण एक गोष्ट विसरतो. स्वतःच्या आनंदासाठी शिकणाऱ्यावर सक्ती करणे हा अन्याय आहे. निवृत्तीनंतर मी सतार शिकावी की न शिकावी, हे मला कोणी सांगू नये. पण दुसऱ्याच्या पैशावर सही करणाऱ्याचे शिकणे ही त्याची खासगी बाब उरत नाही. त्याच्या अज्ञानाची किंमत तो स्वतः देत नाही. ती व्हरांड्यात पिशवी घेऊन उभी असलेली बाई देते. आपल्या अज्ञानाचा भार जेव्हा दुसऱ्यावर पडतो, तेव्हा त्या दुसऱ्याला आपल्याकडून शिकण्याची मागणी करण्याचा हक्क प्राप्त होतो. सक्ती ही त्या अबोल माणसाची मागणी आहे. शासन फक्त ती त्याच्या वतीने उच्चारते.

आपल्या परंपरेलाही हा विचार नवा नाही. तैत्तिरीय उपनिषदात गुरू अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला अध्ययनात कुचराई करू नकोस असे बजावतो. ही आज्ञा शिक्षणाच्या आरंभी नसून शेवटी आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जो आता गृहस्थ होणार, व्यवहार करणार, त्याला ती केलेली आहे. ऋषिऋण अध्ययनानेच फिटते असे मानणाऱ्यांनी ते पदवीच्या दिवशी फिटते असे कोठेही म्हटलेले नाही.

अर्वाचीन काळातले उदाहरण हवे असेल तर नामदार गोखल्यांचे घ्यावे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवलेला, आकड्यांत मुरलेला हा माणूस. तरीही सरकारी जमाखर्च समजून घेण्यासाठी ते गणेश व्यंकटेश जोशी या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे विद्यार्थ्याप्रमाणे जात राहिले. 1902 मध्ये केंद्रीय विधिमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले, त्यामागे जोशींची मदत होती. त्या भाषणाचा गाभा असा, की सरकारच्या तिजोरीत शिल्लक दिसते म्हणून प्रजा सुखी आहे असे ठरत नाही. ती शिल्लक दुष्काळाने गांजलेल्या रयतेवरील जादा कराची असू शकते. हे मी प्रथम वाचले तेव्हा माझा तो "शिल्लक समाधानकारक" शेरा डोळ्यांपुढे आला. शंभर वर्षांपूर्वी गोखले शिल्लकेला प्रश्न विचारावयास शिकले होते. मी लेखापरीक्षक असून शिकलो नव्हतो.

त्या प्रसंगानंतर मी एका कंत्राटी संगणक चालकाकडे, वाणिज्य शाखेच्या ताज्या पदवीधराकडे, महिनाभर संध्याकाळी बसून नवी पद्धत शिकलो. पहिल्या दिवशी "हे मला येत नाही" एवढे वाक्य उच्चारताना जीभ जड झाली होती. आज वाटते, साऱ्या प्रशिक्षणाचे मूळ त्या एका वाक्यात आहे. ते ज्याला म्हणता येते त्याला तीन तास पुरतात; ज्याला म्हणता येत नाही त्याला तीनशेही अपुरे पडतील.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. सहीला मुदत असावी आणि ती शिकल्यावाचून वाढू नये. वयाची सूट असेल तर सहीच्या अधिकारातूनही तेवढीच सूट असावी. मात्र नूतनीकरणाची कसोटी हजेरीपट ही नसावी. दर दोन-तीन वर्षांनी लेखाधिकाऱ्याने आपल्या पालिकेच्या ताळेबंदाचे एक पान एखाद्या प्रभागातील नागरिकांसमोर, त्यांना कळेल अशा भाषेत, समजावून सांगावे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. ज्याला आपला विषय खरोखर कळला आहे तो मागावरच्या कामगारालाही तो सांगू शकेल. ज्याला सांगता येणार नाही, त्याला पुन्हा वर्गात बसण्याची गरज आहे, हे त्याचे त्यालाच उमगेल. यात खर्चही फारसा नाही. थोडा अहंकार तेवढा खर्ची पडतो.

असो. शेजारच्या त्या गृहस्थांना मी अर्धे उत्तर देऊन परत पाठवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ओट्यावर गेलो आणि म्हणालो, "बाबा, हिशेब ठेवणारा शिकलेला असतो. पण तो अजून शिकतो आहे का, हे मात्र आपण विचारत राहिले पाहिजे."

ते हसले. म्हणाले, "मागाचंही तसंच असतं भाऊसाहेब. नवा माग आला की जुन्या कारागिरालाही धागा नव्यानं धरायला शिकावं लागतं. नाही शिकला तर कापडाला खोट येते, आणि ती खोट घेणाऱ्याच्या अंगावर दिसते, विणणाऱ्याच्या नाही."

मी अख्ख्या लेखात जे सांगू पाहिले, ते त्यांनी ओट्यावर बसल्या बसल्या सांगितले.