एप्रिलचा बर्फ तुमच्या पोह्यांसाठी थांबणार नाही

बसा. मोबाइल खिशात जाऊ द्या. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, गाइड न घेता, सहा जणांनी मिळून मनालीजवळचा हामटा पास ओलांडायचा तुमचा बेत मी वाचला. अक्षर छान आहे. कौतुक तेवढ्यावरच संपतं.

‘चिक्याच्या तळावरून सकाळी ९ वाजता पोहे खाऊन निघणे.’ कोणी लिहिलं हे? लीडरसाहेबांनी? अरे, सह्याद्रीत उशिरा निघालात तर फार तर घाम गाळाल, पाणी संपेल, हरिश्चंद्रगडावर अंधारात पोचाल. तिथे नऊला निघालात, तर उतार सुटायच्या बेतात असतो नेमके तेव्हाच त्याच्या खाली असाल. ऊन लागलं की बर्फ वितळतो. ते पाणी थरांतून झिरपत खाली जातं, कणांची एकमेकांवरची पकड सैल करतं आणि खडकावर किंवा मधल्या एखाद्या टणक थरावर साठतं. मग ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा सुटावा तसा वरचा अख्खा थर सुटतो. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फातली उष्णता निघून जाते, पाणी पुन्हा गोठतं, थर घट्ट होतो. तुम्हाला चालायला वेळ मिळते ती एवढीच: पहाटे तीन-चारपासून उतारावर ऊन येईपर्यंत. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावर ते सगळ्यात आधी येतं. तुमच्या नकाशावर कुठल्या उताराचं तोंड कुठे आहे, याची एक खूण नाही. फोटो कुठे काढायचे, त्या जागांना मात्र गोल केलेत.

आणि रात्र ढगाळ गेली तर? ढगांखाली बर्फ नीट गोठतच नाही. पहाटे बूट घोट्याच्या वर रुतायला लागला की समजायचं, आज जायचं नाही. त्या दिवशी तीनला उठण्याचाही उपयोग नाही. अशा दिवसासाठी बेतात एक तरी राखीव दिवस लागतो. तुमच्याकडे तो नाही. परतीचं तिकीट तेवढं कन्फर्म आहे.

‘चार दिवस हिमवृष्टी नाही, स्वच्छ ऊन, त्यामुळे धोका कमी.’ हा जानेवारीतला हिशेब. एप्रिलमध्ये स्वच्छ ऊनच घात करतं. वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत येऊ लागले, तर व्हिडिओ काढत उभं राहायचं नसतं. उताराखालून निघायचं असतं.

‘उताराखाली कुजबुजत बोलणे.’ वा! सिनेमे बरेच पाहिलेत. डोंगराला तुमच्या ओरडण्याचं सोयरसुतक नसतं, तुमच्या वजनाचं असतं. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सहा जण खेटून चाललात तर तोंडं शिवून घेतलीत तरी उपयोग नाही. असा उतार एकेकट्यानं ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची.

आता यादी. पॉवर बँक चार, ड्रोन एक, बीकन एक. सहा जणांत एक बीकन! गाडलेल्याचा बीकन संदेश सोडतो, शोधणाऱ्याचा तो पकडतो. गाडला गेलेल्याकडे असला तर शोधणार कशानं? शोधणाऱ्याकडे असला तर सापडणार कोण? बीकन, बर्फात खुपसून शोधायची काठी म्हणजे प्रोब, आणि फावडं ही तिन्ही प्रत्येकाच्या अंगावर हवीत आणि वापरण्याचा सराव हवा. बर्फाखालच्या माणसाला पहिल्या १५ मिनिटांत काढलं तर तो जगण्याची आशा चांगली असते, त्यानंतर ती फार झपाट्यानं घसरते, अर्ध्या तासानंतर थोडीच उरते. मनालीहून मदत यायला किती वेळ लागेल, ते तुम्हीच मोजा.

‘आमच्याच वेळी कशाला होईल?’ हे मागच्या बाकावरून आलं ना? ४ एप्रिल २०२३ ला गंगटोक-नथुला रस्त्यावर दिवसाढवळ्या हिमस्खलन झालं, ७ पर्यटक गेले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचा, माणसं पंधराव्या मैलाशी बर्फात खेळायला गेलेली. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडातल्या माण्याजवळ रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांच्या छावणीवर बर्फ आला. ५४ जणांतले ८ वाचले नाहीत, आणि तिथे मदतीला लष्कर होतं. ते मजूर बिचारे पोटासाठी तिथे राहत होते. तुम्ही रीलसाठी जाताय.

‘सपाट जागा पाहून तंबू लावणे’ हेही खोडा. आधी मान वर करून वरचा उतार बघा. एका पट्ट्यात भूर्जाची झाडं मोडलेली, खालच्या बाजूला वाकलेली दिसली, तर ती हिमस्खलनाची नेहमीची वाट. तिच्या तोंडाशी झोपायचं नाही. चंडीगडच्या डीजीआरई या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज वाचायचा, आणि ‘पिवळा म्हणजे चालेल’ असा अर्थ आपल्या सोयीनं लावायचा नाही.

हामटा एप्रिलमध्ये होणार नाही. जूनच्या उत्तरार्धात जा, तिथला गाइड बरोबर घ्या, आणि तो मागे फिरा म्हणाला की वाद न घालता मागे फिरा.