योसेफ रात्री उठला
(पवित्र कुटुंबाच्या सणानिमित्त मनन)



नाताळचा गोठा अजून आपल्या अंगणात आहे आणि पवित्र कुटुंबाचा सण आला आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आपण ऐकतो की, देवदूत योसेफाला स्वप्नात सावध करतो. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला आहे. योसेफ उजाडण्याची वाट पाहत नाही. त्याच रात्री तो उठतो, बाळाला आणि मरियेला घेतो आणि मिसर देशाची वाट धरतो.

‘हा तर देवाचा पुत्र, देवच त्याला सांभाळील,’ असे म्हणून योसेफ कूस बदलून झोपला नाही. त्याचा देवावर विश्वास होता, म्हणूनच तो उठला. देवाने बाळाला सांभाळले ते योसेफाच्याच हातांनी.

हे मी आज सांगतो, पण काही दिवसांपूर्वी मला स्वतःलाच त्याचा विसर पडला होता. सकाळच्या मिस्सानंतर एक तरुण जोडपे भेटायला आले. कडेवर दहा महिन्यांचे बाळ. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहून गेली होती. चौदाव्या आठवड्याच्या लसीनंतर बाळाला ताप आला होता, तेव्हापासून आजीने ‘आता पुरे’ म्हटले होते. त्यात कोणीतरी मोबाइलवर संदेश पाठवला की, ही लस गर्भपात केलेल्या बालकांपासून बनते. आईने विचारले, “फादर, ही लस देणं पाप आहे का?” मला पुढच्या मिस्साची घाई होती. मी म्हणालो, “प्रार्थना करा, प्रभू सांभाळील.” आणि मी मोकळा झालो.

रात्री मात्र झोप लागेना. त्यांनी मला प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना उत्तराऐवजी आशीर्वाद देऊन वाटेला लावले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. तिथे जे बोललो, ते सर्वांच्याच उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट पापाची. रुबेलाच्या लसीतील विषाणू ज्या पेशींवर वाढवतात, त्या पेशींचा उगम १९६० च्या दशकात झालेल्या गर्भपातांपर्यंत जातो, हे खरे आहे. ख्रिस्तसभेने हे लपवलेले नाही. पण त्यानंतर त्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवत नेल्या जातात. प्रत्येक लसीसाठी नवा गर्भपात होत नाही आणि लसीत बालकाचे शरीर नसते. व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने २००५ साली सांगितले की, दुसरी लस उपलब्ध नसेल तर मुलांच्या आणि समाजाच्या रक्षणासाठी आईवडिलांनी ही लस द्यावी, त्यात त्यांचा दोष नाही. मात्र निर्दोष मार्गाने बनवलेल्या लसींची मागणी आपण करत राहावी. २०१७ साली याच अकादमीने पुन्हा सांगितले की, इतरांचा जीव धोक्यात येऊ नये म्हणून मुलांना लस देणे हे आपले नैतिक कर्तव्य आहे. गर्भवती स्त्रीला रुबेला झाला तर पोटातले बाळ दगावू शकते किंवा बहिरे, अंध, हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकते. गर्भातल्या जिवाची काळजी वाहणाऱ्या आपण हे विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट तापाची. लसीनंतर एक-दोन दिवस थोडा ताप येणे, सुईची जागा दुखणे हे नेहमीचे आहे. औषध किती द्यायचे ते डॉक्टर बाळाच्या वजनावरून सांगतात. आधीच्या लसीनंतर झटके आले असतील किंवा मोठा त्रास झाला असेल, तर पुढच्या लसीआधी डॉक्टरांना जरूर सांगावे. गोवर मात्र साधा आजार नव्हे. त्यातून न्यूमोनिया होतो, कधी मेंदूला सूज येते. २०२२ च्या अखेरीस आपल्या जवळच्याच मुंबईत गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली.

आजी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “माझा धाकटा भाऊ गोवरातच गेला, फादर. तेव्हा देवाची मर्जी म्हणायचे.” मग कोणीच काही बोलले नाही. आजी वाईट नव्हत्या. त्यांना नातवाचा ताप बघवत नव्हता, इतकेच. त्या आठवड्यात बाळाला लस मिळाली. केंद्रावर बाळाला मांडीवर घेऊन आजीच बसल्या होत्या.

प्रिय भाविकांनो, बाळाच्या घरातले बहुतेक चुकीचे निर्णय प्रेमापोटीच होतात. जन्मल्याबरोबर आपण बाळाला मध चाटवतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आईचे पहिले पिवळसर चिकाचे दूध काही घरांत अजून पिळून टाकतात, पण तेच बाळाचे पहिले संरक्षण आहे. सहा महिने आईचे दूध पुरेसे आहे, वरून पाणीसुद्धा लागत नाही. काही काजळांत शिसे असते, म्हणून डोळ्यांत काजळ नको. वडीलधाऱ्यांनो, यात तुमचा अपमान नाही. मांडीवर घेणे, अंगाई म्हणणे, बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करणे, हे तुमच्याइतके कोणाला येते?

जुन्या करारात सिराखच्या ग्रंथात सांगितले आहे की, आजारपणात देवाची प्रार्थना करावी आणि वैद्यालाही बोलवावे, कारण वैद्य आणि औषध दोन्ही देवानेच निर्माण केले. आपल्यापैकी कोणाच्या स्वप्नात देवदूत येत नाही. पण केंद्रावरची नर्स, दारात येणारी आशाताई, तपासणारे डॉक्टर यांच्या तोंडूनही देव आपल्याला ‘ऊठ’ म्हणू शकतो. मोबाइलवर आलेला प्रत्येक संदेश मात्र देवदूताचा नसतो.

शेवटी तरुण वडिलांना एक शब्द. योसेफ रात्री उठला. मध्यरात्री बाळ रडते तेव्हा तुमच्या घरी कोण उठते? दूध आईच पाजील, पण ढेकर काढायला, लंगोट बदलायला, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायला बापाचे हात चालतात. बाळंतपणानंतर काही माता आतून खचतात, विनाकारण रडतात, बाळाकडे पाहावेसेही त्यांना वाटत नाही. ही नाटके नव्हेत आणि विश्वासाची कमतरता तर नव्हेच. हे दोन आठवड्यांत ओसरले नाही तर तिला डॉक्टरांकडे न्या. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार ती बोलून दाखवत असेल, तर एक दिवसही थांबू नका. शेजारणींनो, मरिया एलिझाबेथच्या मदतीला डोंगराळ भागात गेली. आपल्या आळीत नवे बाळ असेल तर एक दिवस जेवणाचा डबा न्या आणि आईला दोन तास झोपू द्या.

आज घरी गेल्यावर बाळाचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. एखादी तारीख हुकली असेल तर घाबरू नका, लाजू नका. केंद्रावर जा, राहिलेली लस अजूनही मिळू शकते. सरकारी केंद्रात ती मोफत आहे. मनात शंका असेल तर माझ्याकडे या. या वेळी मी घाई करणार नाही.

हे योसेफा, आमच्या घरातल्या बाळांसाठी वेळेवर उठण्याचे बळ आम्हांला प्रभूकडून मिळवून दे. हे मरिये, थकलेल्या प्रत्येक आईजवळ राहा. बाळ येशू, तुला ज्यांनी सांभाळले त्यांच्यासारखे आम्हांला कर. आमेन.

– तुमचे धर्मगुरू