बेसूर माणसाचा हक्क

ज्याच्या गळ्यांत सूर आहे त्यानेंच गावें, इतरांनीं स्वस्थ बसून ऐकावें, हा समज आपल्या सुशिक्षित घरांतून आतां इतका दृढ झाला आहे कीं, त्याविषयीं शंका घेणेंहि विक्षिप्तपणाचें वाटावें. मैफलीपुरता तो रास्तच आहे. तिकीट काढून आलेल्या श्रोत्याला कच्चें गाणें ऐकविण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. परंतु हाच न्याय गांवोगांवच्या भजनी मंडळांना लावूं लागलें म्हणजे प्रश्न बिकट होतो. दिवसभर कामधंदा करून रात्रीं देवळांत जमणारे प्रौढ आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणारीं मुलें यांच्या मेळ्यांत बेसूर माणसाला जागा असावी कीं नाहीं?

जुनी व्यवस्था या बाबतींत उदार होती. वारकरी भजनांत विणेकरी मध्यें उभा राहतो, दोहों बाजूंस टाळकऱ्यांच्या रांगा असतात. मृदंग ज्याला येतो त्यानेंच वाजवावा, यांत सवलत नाहीं. पण टाळ हातीं घेणाऱ्याचा गळा कोणी तपासून पाहत नाहीं. सप्ताहांत वीणा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, खालीं टेकत नाहीं. उत्तररात्रीं तिचा पहारा करणारा मनुष्य गवई असतोच असें नाहीं. जागा राहणारा असला म्हणजे पुरे. मुलगा आधीं टाळ धरतो, ठेका अंगांत मुरला कीं मृदंगाकडे हात नेतो, आणि चुकला तर शेजारचा म्हातारा त्याच्याकडे नुसतें पाहतो. तेवढें पुरतें.

पेटीचीच गोष्ट घ्या. तिच्या ठराविक स्वरांतून श्रुति आणि मींड निघत नाहींत, हा जाणत्यांचा आक्षेप खोटा नव्हे. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला बंदी केली. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. भजनी मंडळांतून मात्र पेटी हालली नाहीं. जो बांधीव स्वर कसलेल्या गळ्याला बेडीसारखा वाटतो, तोच कच्च्या गळ्याला काठीसारखा आधार देतो.

हल्लीं भजनस्पर्धांचें पेंव फुटलें आहे. ठरलेल्या मिनिटांत अभंग, गौळण बसवावयाची, परीक्षकांनीं गुण द्यावयाचे. कोंकणांतील डबल बारींत तर दोन बुवा समोरासमोर ठाकतात, आणि ती रंगतेहि खरी. आम्ही तिचे विरोधक नव्हे. परंतु वर्षानुवर्षें टाळ धरणाऱ्या गृहस्थाला जेव्हां ‘काका, यंदा तुम्ही समोर बसून ऐका’ असें सांगितलें जातें, तेव्हां काय घडतें? चषक मिळतो. काका पुढल्या गुरुवारपासून येत नाहींत. त्यांच्या बोटाला धरून येणारा नातूहि येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, एकाच्या हौसेपायीं दहा जणांचें गाणें कां बिघडावें? आक्षेप वजनदार आहे. जो इतरांचें ऐकतच नाहीं, आपल्याच नादांत लय ओढीत नेतो, त्याला आवरलेंच पाहिजे. किंबहुना सुरेल गाणाऱ्यालाहि पुष्कळदां याच कारणासाठीं आवरावें लागतें, आणि तें अधिक अवघड असतें. आमच्या मतें मंडळांत बसण्याची पात्रता गळ्यावरून न ठरवितां कानावरून ठरवावी. जो बेसूर आहे पण ऐकतो, चूक दाखविली तर मानतो, नेमानें येतो, अशाला बाहेर काढण्याचा अधिकार मंडळाला नाहीं. त्याची खोटी स्तुति मात्र करूं नये. ‘तुम्ही हळू म्हणा, टाळ नीट धरा’ हें तोंडावर सांगण्यांत त्याचा मान राहतो. समोर वाहवा करून पाठीमागें हसण्यांत तो जातो.

ध्वनिवर्धकानें ही अडचण फार वाढविली, हेंहि सांगितलें पाहिजे. पूर्वीं देवळाच्या चार भिंतींत दहा गळ्यांचा मिळून एक आवाज होई, आणि कच्चा गळा त्यांत सामावून जाई. आतां यंत्रापुढें जो बसला त्याचाच आवाज गांवभर जातो. मागच्यांचे टाळ उगीच वाजल्यासारखे होतात. ज्या मंडळांकडे हें यंत्र आहे त्यांनीं आठवड्यांतून एक वार तें बंद ठेवून पाहावें.