सुराला नवं काम

18 मार्च 2017 रोजी, वयाच्या 90 व्या वर्षी चक बेरी वारला. त्यानंतर त्याच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्यातलं बरंचसं दोन वाक्यांत मावतं. तो रॉक अँड रोलचा जनक होता, हे एक. जरा अधिक ऐकलेल्या-वाचलेल्यांचं दुसरं वाक्य असं, की जनक कसला, सगळा माल उसना होता. पहिल्या वाक्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. मेम्फिस, शिकागो, न्यू ऑर्लिन्स अशा अनेक ठिकाणांहून जमा झालेल्या संगीताला एकच बाप शोधणं हा वर्तमानपत्री हट्ट आहे. बेरीच्या तुरुंगवाऱ्यांचा आणि स्त्रियांशी असलेल्या वर्तनाचा हिशेब वेगळा मांडावा, त्यात सूट देऊ नये. पण त्या हिशेबातून त्याची गिटार समजत नाही. मला अस्वस्थ करतं ते दुसरं वाक्य. ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोकांना पटतं.

आधी त्यातलं खरं मान्य करू. 1958 च्या ‘जॉनी बी. गुड’ची जगप्रसिद्ध सुरुवात लुई जॉर्डनच्या 1946 मधल्या एका गाण्यात जवळजवळ जशीच्या तशी ऐकू येते. तिथे ती कार्ल होगन या गिटारवादकाने वाजवली आहे. दोन तारा एकदम छेडण्याची लकब टी-बोन वॉकरकडून आलेली. 1955 चं ‘मेबलीन’ हे पहिलं गाजलेलं गाणं ‘आयडा रेड’ या गोऱ्या लोकांच्या जुन्या ग्रामीण गाण्यावरून उभं राहिलं. यातलं बेरीने काही लपवलं नाही. होगन आणि वॉकर यांची नावं तो स्वतःच घेत असे.

पण होगनची ती सुरावट जॉर्डनच्या गाण्यात काय करते? दार उघडते आणि बाजूला होते. पुढचा कारभार जॉर्डनचा आवाज आणि त्याचा वाद्यमेळ पाहतो. बेरीकडे तीच सुरावट दार उघडून आत येते आणि ठाण मांडते. तो एक ओळ गातो, गिटार तिला उत्तर देते. तो पुन्हा गातो, गिटार पुन्हा बोलते. गाण्यात दोन निवेदक होतात आणि दोघंही एकाच माणसाचे. शब्द त्याचे, उच्चार लख्ख, आणि जीभ थांबते तिथून बोटं सुरू होतात. सूर शोधणं वेगळं आणि सुराला काम नेमून देणं वेगळं. बेरीचं कर्तृत्व या दुसऱ्या गोष्टीत आहे.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी ध्वनिमुद्रिका अंतराळात गेली, तिच्यावर ‘जॉनी बी. गुड’ आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. भैरवी केसरबाईंनी शोधली नव्हती. गायकी त्यांना अल्लादियाखाँसाहेबांकडून मिळाली होती. म्हणून ते गाणं केसरबाईंचं नाही, असं म्हणायला कोण धजावेल? मग मिळालेल्या द्रव्याचं काय केलं हा प्रश्न बेरीच्या बाबतीत विचारायचा का नाही?

उसनवारीच्या आरोपाची एक अधिक सभ्य आवृत्ती आहे. 1952 च्या वर्षअखेरीच्या रात्री सेंट लुईसचा पियानोवादक जॉनी जॉन्सन याने आजारी वादकाच्या जागी बेरीला आपल्या त्रिकुटात बोलावलं. बेरीची गाणी खरी जॉन्सनची, कारण ती गिटारला सोयीच्या पट्ट्यांत नसून पियानोला सोयीच्या पट्ट्यांत आहेत, असा हा युक्तिवाद. कीथ रिचर्ड्ससारख्या बेरीच्या भक्तानेच तो गाजवला. जॉन्सनने 2000 मध्ये दावाही लावला. फार उशीर झाला म्हणून 2002 मध्ये तो निकालात निघाला. कायद्याच्या मुदतीने संगीताचा प्रश्न सुटत नाही, हे मला मान्य आहे. जॉन्सनला मिळालं त्याहून अधिक श्रेय आणि पैसा मिळायला हवा होता, हेही मान्य.

तरीही पट्टीवरून काय सिद्ध होतं? माणूस कोणाच्या संगतीत वाजवायला शिकला एवढंच. उलट त्या परक्या पट्ट्यांमुळेच बेरीचा हात घडला. मोकळ्या तारांचा आधार फारसा मिळत नाही, तेव्हा बोटांची एकच बंद ठेवण गिटारच्या मानेवर वर-खाली सरकवावी लागते. त्यातून ती चपळ, कुठेही नेता येणारी भाषा तयार झाली. बूगी-वूगीत पियानोवादकाचा डावा हात जे रेटत नेतो, ते बेरीने खालच्या जाड तारांवर आणलं. इथे पियानोचं ऋण उघड आहे, आणि त्या सुराची बदललेली नेमणूकही तितकीच उघड आहे.

पुढे अनेक वर्षं बेरी एकटा गिटार घेऊन गावोगाव गेला आणि मिळतील त्या स्थानिक वादकांबरोबर, बहुधा तालमीशिवाय वाजवत राहिला. 1973 मध्ये तरुण ब्रूस स्प्रिंगस्टीननेही त्याला अशी साथ केली. त्यातल्या कित्येक मैफली बेसूर झाल्या, निष्काळजी झाल्या. त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण जॉन्सन नसतानाही गाणी उभी राहत होती. ती पियानोत राहत असती, तर या फिरतीत केव्हाच कोसळली असती.

बीच बॉइजच्या 1963 मधल्या ‘सर्फिन यूएसए’ची चाल बेरीच्या ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’ची होती, आणि तिचं श्रेय पुढे त्याला द्यावं लागलं. चाल मोजता येते. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सची पहिली तबकडी आली, तीही बेरीच्याच गाण्याची. पण त्या पोरांनी त्याच्याकडून सर्वांत मोठी जी गोष्ट उचलली, गायकाच्या आधी बोलणारी आणि त्याला उलटून उत्तर देणारी गिटार, तिच्यासाठी स्वामित्वहक्काच्या कागदावर रकानाच नाही. तिथे शब्दकार आणि संगीतकार एवढीच नावं लिहितात. उसनं काय घेतलं याची यादी करणारे नेमका हाच कागद समोर ठेवून बेरीला तपासतात.