प्रश्न विचारायचा अधिकार

महाविद्यालयांत, गणेश मंडळांत, ज्येष्ठ नागरिक संघांत अलीकडे ‘समाज आणि नीतिमूल्ये’ अशा विषयांवर परिसंवाद भरतात. व्यासपीठावर चार-पाच मान्यवर, शाल-श्रीफळ, मग एकामागून एक भाषणे. शेवटी सूत्रसंचालक सांगतो की वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत. आभार मानले जातात, चहा होतो आणि दुसऱ्या दिवशी ‘विचारमंथन’ झाल्याची बातमी येते. नीतीची चर्चा लोकांत नेण्यासाठी महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वी जी धडपड केली, तिची ही विटंबना आहे. त्या धडपडीत जे सर्वांत मोलाचे होते, नेमके तेच इथे वेळेअभावी गाळले जाते.

लोकहितवादींची शतपत्रे, प्रार्थना समाज, रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला, आगरकरांचा ‘सुधारक’ हा क्रम वाचकांना पाठ आहे. या मंडळींनी बालविवाह, केशवपन, जातिभेद हे विषय पोथीतून काढून चारचौघांत आणले, याबद्दल वाद नाही. समाज त्याआधी नीतीचा विचार करत नव्हता असेही नाही. जातपंचायती रोजच निवाडे देत होत्या. फक्त ज्याच्यावर निवाडा व्हायचा, त्याला उलट विचारायची सोय नव्हती.

ती सोय जोतीराव फुल्यांनी केली, आणि इथेच बहुतेक अभ्यासक घाईने पुढे जातात. फुल्यांनी संवादरूपात लिहिले, कारण त्यांचा वाचक अल्पशिक्षित होता, सोपे करून सांगणे भाग होते, असे सांगितले जाते. म्हणजे संवाद हे प्रचाराचे साधन. हे वाचन अपुरे आहे.

1855 च्या ‘तृतीय रत्न’ नाटकापासून हा माणूस प्रश्नोत्तरांत विचार करतो आहे. 1873 च्या ‘गुलामगिरी’त धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. 1888 मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने लिहून पुरे केलेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ही तसेच. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये छापले गेले. त्यात प्रश्न विचारणारी माणसे नावानिशी येतात. दत्तक मुलगा यशवंतही त्यांत आहे. पाप म्हणजे काय, पुण्य कशाला म्हणायचे, दैव खरे की खोटे, लग्न कसे लावावे, श्राद्धाचे काय करायचे? विषयपत्रिका विद्वानांनी ठरवलेली नाही. ती घरातल्या, शेतातल्या माणसाच्या अडचणीतून आलेली आहे. याच पुस्तकात एका कुटुंबाचे चित्र आहे: आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एकमेकांचा द्वेष न करता एका घरात नांदतात. आज हे चित्र भरसभेत मांडायला किती वक्ते धजावतील?

उत्तरे तर शेवटी जोतीरावांचीच ना, हा आक्षेप रास्त आहे. पुस्तकातला यशवंत फारसा हुज्जत घालत नाही. पण पुस्तकाबाहेर पाहावे. सत्यशोधक लग्नासाठी फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू-वर आळीपाळीने बोलतात. स्त्रियांना स्वातंत्र्य ठाऊकच नाही, ते देण्याची शपथ घे, असे वधू मांडवात सर्वांसमक्ष वराला म्हणते आणि त्याला उत्तर द्यावे लागते. अक्षता हातात घेऊन उभे असलेले गाव त्या शपथेचे साक्षीदार होते. भटजीशिवाय लावलेल्या अशा लग्नांवरून कोर्टकज्जे झाले, यावरून हा बदल किती झोंबला ते कळते.

तोच नियम त्यांनी घरच्यांनाही लावला. ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला, तेव्हा चळवळीतलेच काही सहकारी बिथरले. फुल्यांनी 1885 च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. जिला आजवर फक्त उपदेश ऐकवला गेला तिने विचारावे आणि ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने उत्तर द्यावे, ही अदलाबदल हाच फुल्यांनी घडवलेला खरा पालट. सोपी भाषा ही त्यातली दुय्यम गोष्ट.

पुढे सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी हा सवाल-जबाब गावोगाव नेला. व्याख्यानमालाही वाढल्या, शहरोशहरी रुजल्या. मात्र शिष्टसंमत सभा व्याख्यानाची झाली आणि प्रश्न चिठ्ठीवर आला.

आजही नीतीचे प्रश्न दाराशीच आहेत. शहरांतल्या कितीतरी गृहनिर्माण संस्थांत घरकाम करणाऱ्या बायकांना रहिवाशांची लिफ्ट वापरायला मनाई असते. सर्वसाधारण सभेत हात वर होतात, ठराव मंजूर होतो. त्या सभेत त्या बायका नसतात. नीतिमूल्यांवर पुढचा परिसंवाद ठरवणाऱ्यांनी मान्यवरांना निमंत्रणे धाडण्याआधी या बायकांपैकी चौघींना बोलवावे, माईक आधी त्यांच्या हाती द्यावा, आणि ठरावाला हात वर करणाऱ्यांना समोर बसवून उत्तरे द्यायला लावावीत. भाषणांना वेळ उरला नाही तरी चालेल.